प्रसादाचा कण

पानावर बसलेल्याने ‘पुरे’ म्हणावे आणि वाढणाऱ्याने ते ऐकलेच नाही असे दाखवावे, हा आमच्या गोमंतकातील पंक्तीचा जुना शिष्टाचार आहे. समाराधनेच्या दिवशी अग्रशाळेत केळीची पाने मांडली जातात. भात, वरण, खतखते यांच्यामागून मणगण्याचे भांडे येते आणि त्याच्याबरोबर ‘देवाचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये’ हे वाक्यही येते. हा आग्रह ज्या काळी रूढ झाला, त्या काळी तो मायेचाच होता. देवदर्शनाला येणारा माणूस घाटी चढून, नदी उतरून पायी आलेला असे. वर्षाकाठी चार दिवस गोड पोटभर मिळाले, तरी परतीच्या वाटेवर आणि दुसऱ्या दिवशीच्या श्रमांत ते जिरून जाई.

आता आपण देवळाच्या पायरीपर्यंत मोटारीने येतो आणि जेवून मोटारीनेच परततो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या एका देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील व्यक्तींत मधुमेहाचे प्रमाण भारतात शेकडा 11.4, तर गोव्यात 26.4, म्हणजे पाहिलेल्या सर्व राज्यांत सर्वाधिक, असे तीत आढळले. चौघांच्या रांगेत एक, असा हा हिशेब आहे. शंभर पानांची पंक्ती डोळ्यांसमोर आणली की त्या आकड्याला चेहरे फुटतात.

हा रोग केवळ साखर खाल्ल्याने जडतो, हा समज अपुरा आहे. अन्नातील पिष्टाची शरीरात साखरच होते. ती रक्तातून स्नायूंत नेण्याचे काम इन्सुलिन करते. आनुवंशिकतेने, पोटावरच्या मेदाने आणि बैठ्या जीवनाने शरीर त्या इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि साखर रक्तातच साचते. म्हणून मणगणे टाळून भाताचे तीन ढीग रिचवणाऱ्याने फारसे काही साधलेले नसते. चरकानेही प्रमेहाची कारणे सांगताना दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांच्याबरोबर बसण्याचे व झोपेचे सुख गणले आहे. सुश्रुताने तर निर्धन रोग्याला पादत्राणांवाचून शंभर योजने चालण्यास किंवा विहीर खणण्यास सांगितले. त्यातील श्रमाचा उपदेश आजचा वैद्यही मान्य करील. अनवाण्याचा मात्र करणार नाही.

त्याचे कारण मी घरातच पाहिले आहे. माझे थोरले बंधू चैत्रातल्या एका दुपारी प्रदक्षिणेला गेले. फरशी तापलेली होती. इतर लोक पाय उचलीत पळत होते. ते मात्र शांतपणे नेमाच्या अकरा प्रदक्षिणा घालून आले. पाहणाऱ्यांना ती भक्तीची स्थिरता वाटली. घरी आल्यावर वहिनींना त्यांच्या दोन्ही तळव्यांवर फोड दिसले. दीर्घकाळच्या मधुमेहाने त्यांच्या पायांची संवेदनाच गेली होती. जखम भरायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत पाय राहतो की जातो, ही चिंता घरात रोज उशाशी असे. रोग त्यांना नऊ वर्षांपासून ठाऊक होता. तो त्यांनी चारचौघांत कधी सांगितला नव्हता, कारण सांगितला की पंक्तीत थट्टा होते, आणि न सांगावा तर पान भरते. ते पान भरू देत आले होते.

उपवासाचीही तीच कथा. एकादशीला भात सुटतो आणि साबुदाणा येतो. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निखळ पिष्टच. उलट, जो इन्सुलिन किंवा तत्सम परिणामाच्या गोळ्या घेऊन कडकडीत उपाशी राहतो, त्याची साखर एकाएकी उतरू शकते. घाम फुटतो, हात कापतात, भ्रम होतो. अशा वेळी साखरेचे पाणी हेच औषध ठरते. व्रत धरण्यापूर्वी जसा भटजींना मुहूर्त विचारतो, तसा डॉक्टरांना आपल्या औषधांविषयी प्रश्न विचारण्यात व्रताला कोणता उणेपणा येतो?

देवाच्या पुढ्यात आपण पूर्ण पान ठेवतो, पण स्वतःच्या हाती घेतो ते पळीभर तीर्थ आणि तुळशीचे एक दल. त्या कणाने प्रसाद अपुरा राहिला, असे कोणीही मानीत नाही. मग अग्रशाळेतच त्याचे माप का पालटावे?

आमच्या महाजनांनी मनावर घेतले तर फारसे अवघड काही नाही. प्रदक्षिणेच्या वाटेवर उन्हाळ्यात काथ्याची चटई अंथरावी. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांना सुती मोजे घालू द्यावेत. पंक्तीत भाजी आणि उसळ आधी व सढळ, भात व गोड मागाहून आणि मागितले तर वाढावे. जेवणानंतर तळीभोवती मंडळींनी मिळून दोन फेऱ्या घालाव्यात. जत्रेच्या दिवशी मंडपाच्या एका कोपऱ्यात रक्त तपासण्याची सोय करावी. उपाशीपोटी आकडा 126 किंवा अधिक आला, तर पुन्हा तपासून घ्यावे.

आणि वाढायला उभ्या राहणाऱ्या मुलांना एवढेच सांगून ठेवावे, की पानावर आडवा हात आला म्हणजे पुढच्या पानाकडे वळायचे; का, ते विचारायचे नाही.