आजीच्या गावाची जर्सी

१२०-०. नाही, हा वन-डेचा स्कोअर नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये मेडिटरेनियन कपमध्ये फ्रान्सनं सर्बिया-माँटेनेग्रोला रग्बी लीगमध्ये इतकं धुतलं होतं. लेबनन, फ्रान्स, मोरोक्को आणि सर्बिया-माँटेनेग्रो, अशा मोजून चार टीम्सची ती स्पर्धा. सिडनीतल्या आतेभावानं हे सांगितलं तेव्हा मी पटकन म्हटलं, "मग खेळले कशाला?"

"ताई, टीम असली तरच हरता येतं ना!" साहेबांचं उत्तर.

रग्बी लीग म्हणजे तेरा-तेरा खेळाडू, सहा टॅकलमध्ये चेंडू पुढे न्यायचा आणि 'ट्राय'ला चार पॉइंट्स. याचा जन्म मला जाम आवडतो. उत्तर इंग्लंडच्या क्लब्जमध्ये गिरणी आणि खाण कामगार खेळायचे. मॅचसाठी कामावर खाडा झाला की मजुरी बुडायची. ती भरून द्या म्हटलं, तर रग्बीच्या बड्या मंडळींनी नाकं मुरडली. मग १८९५ मध्ये हडर्सफिल्डच्या एका हॉटेलात बसून क्लब्जनी वेगळी चूल मांडली. थोडक्यात काय, 'लॉस ऑफ पे'मधून जन्मलेला खेळ! तुम्हा-आम्हाला जवळचा वाटायलाच हवा.

आता लेबनन. १९७५ ते १९९० च्या यादवी युद्धात हजारो कुटुंबं ऑस्ट्रेलियात गेली. सिडनीच्या पश्चिम उपनगरांत त्यांची मुलं रग्बी लीग खेळत वाढली. त्यांचा हिरो हाझेम एल मस्री. जन्म लेबननच्या त्रिपोलीतला आणि २००९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा ऑस्ट्रेलियन लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट्स त्याच्या नावावर. अशाच पोरांच्या जोरावर लेबनन २००० चा वर्ल्ड कप खेळला. या खेळात आई-वडील किंवा आजी-आजोबा जिथे जन्मले, त्या देशाची जर्सी मिळू शकते. साहजिकच लोकांनी विचारलं, ही टीम लेबननची की सिडनीची?

माझ्या आतेभावाला हा प्रश्न चांगलाच ओळखीचा आहे. तिकडे त्याला विचारतात, "तू मूळचा कुठला?" इकडे आला की सगळे त्याचं मराठी ऐकून हसतात. घरात मराठी बोलणारी फक्त आई, म्हणून हा सहा फुटी गडी म्हणतो, "मी जाते." मागच्या खेपेला तो जेवणाच्या ताटावर एकदम गप्प झाला आणि पुढचे चार दिवस फक्त इंग्लिशच बोलला. आमची आजी साताऱ्याची. तिला इंग्लिश येत नाही. ते चार दिवस दोघं नुसते एकमेकांकडे बघून हसत होते.

आपल्याकडे २००८ मध्ये क्रीडा मंत्रालयानं ठरवलं, भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा. त्यामागे विचार आहे, मान्य. आपल्या मातीत वाढलेल्या मुलांची जागा बाहेरून आलेल्यानं का घ्यावी? पण लेबननची गोष्ट वेगळी झाली. २००३ चा तो कप त्यांनीच जिंकला. २०१७ च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सला २९-१८ हरवून ते क्वार्टर फायनलला गेले आणि टोंगाकडून फक्त दोन पॉइंट्सनी हरले.

आणि ते १२०-० वाले? त्यांच्याकडे हा खेळ १९५३ मध्ये आला, साठच्या दशकात बंद पडला आणि २००१ मध्ये पुन्हा सुरू झाला. म्हणजे तो मार खाल्ला तेव्हा दुसरी इनिंग जेमतेम दोन वर्षांची होती. तरी त्यांनी गाशा गुंडाळला नाही. २०१९ मध्ये बेलग्रेडचा रेड स्टार क्लब इंग्लंडच्या चॅलेंज कपमध्ये उतरला. हरला, पण उतरला.

डिसेंबरात तुमच्याकडेही असा एखादा भाऊ किंवा बहीण येईल. क्रियापदं चुकतील. चुकू देत. निदान आजीशी बोलणं तरी चालू राहील.