मडगार्डच्या आतलं

मेकॅनिकलचा विद्यार्थी सुट्टीत घरी गेला की गावाच्या लेखी तो मेकॅनिकच असतो. मिक्सर, पाण्याचा पंप, मामांची स्कूटर, सगळं त्याच्यापुढे येऊन पडतं. तिथे एंट्रॉपीची व्याख्या कुणी विचारत नाही! गेल्या दिवाळीत म्हसळ्याला मला मिळालेलं काम तर कुठल्याच सेमिस्टरच्या सिलॅबसमध्ये नाही : चाकांच्या वर, मडगार्डच्या आत असतं ते काळं प्लास्टिक पुन्हा काळं करायचं. त्याला लायनर म्हणतात.

गाडी बाबांची. बारा वर्षं त्यांनी तिच्यातून पर्यटकांना दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर दाखवलं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर धंदा बसला, तेव्हाही ती विकली नाही. आता मात्र धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी विकायची ठरली. रविवारी माणगावचं गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

"बाहेरून नवरी दिसते रे, पण चाकाकडे बघितलं की वय कळतं," बाबा म्हणाले.

मित्रांनो, हे वय का दिसतं? लायनर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्याच्या लांब साखळ्या तोडतात, म्हणून ऊन लागणारी कड पांढुरकी पडते. चाकाने उडवलेली खडी ओरखडे पाडते. त्या ओरखड्यांत आपली जांभ्याची लाल माती जाऊन बसते. म्हणजे निम्मं म्हातारपण नुसत्या मातीचं!

शेजारच्या काकांनी डिझेलचा बोळा फिरवायला सांगितलं. चकाकी लगेच येते, पण त्यावर धूळ चिकटते आणि जवळचे रबरी भाग फुगतात. हीट गनचाही उपाय आहे. पृष्ठभाग थोडा वितळून काळा दिसतो, पण पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि लायनर असतो पातळ. वाकडा झाला की चाकाला घासणार. दोन्ही उपाय रद्द केले.

सपाट जागी हँडब्रेक लावला, बाकीच्या चाकांना दगड लावले, जॅकवर गाडी उचलून खाली स्टँड दिला. चाक काढलं. प्लास्टिकच्या क्लिपा हळूच उचकटून लायनर बाहेर घेतला. साबणाचं पाणी, कपड्यांचा ब्रश आणि दोन तास. पाणी आधी लाल, मग गढूळ, मग स्वच्छ. सावलीत पूर्ण वाळवून प्लास्टिकला लावायचं पाण्यातलं ड्रेसिंग फडक्याने पातळ चोळलं. फवारा मारला नाही, कारण ते ब्रेक डिस्कवर गेलं तर ब्रेक लागणार नाही. (काही गाड्यांत लायनर कापडी, नमद्यासारखा असतो. त्याला नुसता ब्रश आणि पाणी, ड्रेसिंग नाही.) लायनर असा काळाभोर झाला की आई म्हणाली, "तवा पण घास असाच."

पण लायनर काढल्यावर मागे ओल्या मातीचा थर निघाला होता आणि त्याखाली पत्र्याच्या जोडावर गंज. तळहाताएवढा. लायनर परत बसवला की तो कुणालाही दिसणार नव्हता. मी बाबांकडे बघितलं. प्रवेशाचे पैसे दोघांच्याही डोक्यात होते.

बाबा म्हणाले, "गंज घासून प्रायमर मार. आणि त्या बाजूचा लायनर रविवारपर्यंत बसवू नको."

रविवारी गिऱ्हाईक आलं. बाबांनी स्वतः टॉर्च मारून जागा दाखवली. "शेठ, इथे गंज होता. पोराने प्रायमर मारलाय, पण तुम्ही वेल्डिंगवाल्याला दाखवा." किंमत ठरल्यापेक्षा आठ हजारांनी उतरली. गाडी मात्र त्याच दिवशी गेली. आठ हजार पतपेढीतून काढले, हप्ता अजून चालू आहे. बहीण कॉलेजला जाते.

सरफेस फिनिश आम्ही मायक्रॉनमध्ये मोजायला शिकतो. चकाकी आणायला माझी हरकत नाही, मीच ती आणली. पण चकाकी कशावर आणतोय आणि कशाला झाकतोय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्याला व्हर्निअर चालत नाही.

जाता जाता, हॉस्टेलच्या पार्किंगवाल्यांना आणि सरांनाही एक विनंती : पाऊस संपला की मडगार्डच्या आत पाण्याचा पाइप जरूर मारा. व्हायव्हाला कुणी विचारणार नाही, पण पत्रा टिकेल.