रात्रीचा दिवस

‘रात्रीचा दिवस’ हे शब्द मी आधी आईच्या तोंडून ऐकले. बाबांची थर्ड शिफ्ट असली की निगडीच्या आमच्या दोन खोल्यांत दुपारीच अंधार व्हायचा. खिडकीला जाड चादर लागायची, कुकर शेजारच्या काकूंच्या शेगडीवर चढायचा आणि आम्ही भावंडं खुणांनी बोलायचो. “रात्रीचा दिवस करून आलेत, झोपू द्या,” आई म्हणायची.

बाबा झोपेत बोलायचे. गावचा बांध, कुठलंसं माप, वारलेली आजी, चुकलेली बस, सगळं एका दमात. वाक्य मध्येच सुटायचं आणि भलतंच सुरू व्हायचं. आई कपाळाला हात लावून ताप बघायची. मी उंबऱ्यावर बसून ऐकायचो.

डिप्लोमाच्या वर्षांत वाचनालयाच्या कपाटात तेच दोन शब्द एका पुस्तकावर दिसले. बा. सी. मर्ढेकरांची 1942 सालची कादंबरी. शिफ्टवाल्यांची गोष्ट असेल म्हणून घरी आणली. पहिली पानं काही केल्या लागेनात. एका रात्री मोठ्यानं वाचायला घेतली आणि थबकलो. हे तुटणं, हे भलतीकडे वळणं माझ्या कानांना सवयीचं होतं. आमच्या दुपारींचं होतं.

या लेखनाला मराठीत संज्ञाप्रवाह म्हणतात, हे नंतर कळलं. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं 1890 मध्ये लिहून ठेवलं होतं की विचारांना साखळीची उपमा शोभत नाही. मन कड्या जोडून बनत नाही, ते वाहतं. 1918 मध्ये मे सिंक्लेअर यांनी डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांबद्दल लिहिताना जेम्सचा ‘प्रवाह’ हा शब्द साहित्यात आणला. मग 1922 मध्ये जॉइसनं डब्लिनमधला एकच दिवस ‘युलिसिस’मध्ये मांडला. वीस वर्षांनी मर्ढेकरांनी ती रीत मराठीत आणली.

तिचा खरा अर्थ मात्र मला चाकणला कळला. सीएनसी मशीनवर माझा सायकल टाइम 48 सेकंद. जॉब चकमध्ये धरायचा, दार ओढायचं, हिरवं बटण. मग त्या 48 सेकंदांत दूधवाल्याचे पैसे राहिले कूलंटचा हा वास बाबांच्या शर्टाला यायचा आई तो वेगळ्या बादलीत भिजवायची इंद्रायणीच्या पुलावर आज धुकं होतं मोशीला चढलेला तो नवा पोरगा जेवला असेल का आजी गेली तेव्हा मी कुठं होतो आणि दार उघडतं. हात पुढचा जॉब उचलतात. रात्रीत असे साडेचारशे जॉब रजिस्टरला लागतात. बाकीचं कुठंच लागत नाही.

व्हर्जिनिया वुल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’त बिग बेनचे ठोके पडतात. वेळ साऱ्या लंडनला एकच, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात निराळं काही हलतं. वाचताना मला बाबांच्या कारखान्याचा भोंगा आठवला. बाबांना तो पंचिंगची वेळ सांगायचा, आईला डब्याची, मला ते घरी नसण्याची. घड्याळाची वेळ सगळ्यांची मिळून असते. मनातली ज्याची त्याची असते. कुणीतरी ती कागदावर उतरवण्याइतकी मोलाची मानली, म्हणून मी या लेखकांचा ऋणी आहे. ती पुस्तकं वाचली नसती, तर बाबांचं बोलणं मला जन्मभर बरळणंच वाटलं असतं.

बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अजून पहाटे तीनला जागे होतात, कॉटवर बसून बोलू लागतात. बांध, माप, आजी. पूर्वी मी त्यांची वाक्यं पुरी करून द्यायचो. आता शेजारी नुसता बसतो.

“बस गेली का रे?” ते मध्येच विचारतात.

“नाही बाबा, यायचीय अजून.”

मग ते पुढचं बोलू लागतात.