खालूंची तपासणी

माझ्या खालेला मूल झालं नाही. त्यासाठी तिनं काय केलं नाही! ताविज बांधले, दर्ग्यावर मन्नत मागितली, डॉक्टर म्हणाले म्हणून दोनदा पिशवी साफ करून घेतली. खालूंच्या दुसऱ्या निकाहची बोलणीही झाली. खालूंची वीर्यतपासणी मात्र कधीच झाली नाही. ते द्राक्षबागांत औषध फवारायचे. अंगात बनियन, तोंडाला रुमाल, बस्स.

१९७७ सालची गोष्ट. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप इथल्या कारखान्यात डीबीसीपी हे पिकांच्या मुळांवरचे कृमी मारणारं औषध तयार व्हायचं. तिथले कामगार आपापसात बोलू लागले, की आपल्याला पोरंबाळं का होत नाहीत? तपासणीचा आग्रह त्यांनीच धरला. कित्येकांचे शुक्राणू फार कमी निघाले, काहींच्या वीर्यात तर एकही नाही. उंदरांच्या वृषणांना हे औषध इजा करतं, असं १९६१मध्येच छापून आलं होतं!

डीबीसीपीचा घाव थेट होता. दुसरी वाट छुपी आहे. मदरशात जेर-जबर चुकलं की मौलवीसाहेब कान धरायचे. हर्फ तोच, खूण बदलली की उच्चार बदलतो, अर्थही बदलतो. जनुकांवरही अशा रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक वाचायचं आणि कोणतं गप्प ठेवायचं, हे त्या ठरवतात. यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात. २००५मध्ये अमेरिकेत मायकेल स्किनर यांच्या प्रयोगशाळेनं गाभण उंदरिणींना विन्क्लोझोलिन दिलं. हे बुरशीनाशक, द्राक्षांवरही मारलं जायचं. त्यांच्या नर पिल्लांचे शुक्राणू घटले, आणि पुढे पणतू-खापरपणतूंपर्यंत तेच दिसलं. त्यांना तर औषधाचा थेंबही लागला नव्हता. खुणा मात्र बदललेल्या होत्या. मात्रा फार मोठी होती, आणि माणसात असंच घडतं हे सिद्ध झालेलं नाही, हेही सांगायला हवं.

खालूंचं कारण काय होतं, अल्लाह जाणे. ते गेले.

आता मामाच्या मुलाच्या लग्नाला दोन वर्षं झालीत. तोही फवारतो. परवा सगळे त्याच्या बायकोला डॉक्टरकडे न्यायला निघाले, तेव्हा मी म्हटलं, ‘‘आधी तू तपासून घे. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. तीन महिने फवारणी सोड, मग पुन्हा तपास.’’

त्यानं मान खाली घातली. अम्मी माझ्यावरच चिडली, ‘‘मर्दाला असं चारचौघांत बोलतात का?’’

खाला कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. हातातलं सूप बाजूला ठेवून म्हणाली, ‘‘चल रे, मी येते तुझ्याबरोबर.’’