युकुलेलेचा धडा पारखताना

अंबाजोगाईसारख्या गावी युकुलेलेचा, म्हणजे 1879 मध्ये मदेराहून हवाईत पोहोचलेल्या पोर्तुगीज वाद्यांपासून घडलेल्या चार तारांच्या छोट्या वाद्याचा, शिक्षक जवळ नसेल तर शिकणाऱ्याची भिस्त यूट्यूबवर राहते. तिथे धड्यांची वाण नाही, पारख मात्र हवी. जो धडा आधी तारा जुळवायला लावतो, तोच विश्वासाचा. भजनी मंडळातल्या पेटीवर पांढरी एक हा सा धरला, तर युकुलेलेच्या तारा क्रमाने प, सा, ग, ध अशा लागतात, आणि शेवटच्या तारेवर तिसऱ्या पडद्यालगत एकच बोट दाबताच धैवताचा तार षड्ज होऊन पहिला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, सिद्ध होतो; हे किती सुंदर आहे! नवशिक्याने रोज नवा शिक्षक न शोधता एकाचेच धडे क्रमाने पुरे करावेत.