पन्नास साड्यांपुरता हक्क

छापील साडीचं डिझाइन करणाऱ्याचं खरं कसब दिसतं ते जोडापाशी. कोयरी काढणारे पुष्कळ आहेत. पण काढलेला तुकडा सबंध कापडभर पुन्हा पुन्हा बसवायचा असतो, आणि रिपीटच्या डाव्या कडेने बाहेर पडलेली वेल उजव्या कडेने त्याच जाडीची, त्याच वळणाची आत यावी लागते. तिथे फट दिसू नये म्हणून एखादं पान मुद्दाम आडवं टाकलं जातं, एखादी बुट्टी किंचित सरकवली जाते. प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी असते, त्यामुळे कुठला रंग कुठल्या रंगाखाली किती न्यायचा हेही आधीच ठरवावं लागतं. नक्कल पकडता येते ती नेमकी या जागांवरून. दोन कापडांवरची कोयरी सारखी असणं हा योगायोग असू शकतो. फट झाकणारं तेच पान, त्याच कोनात, त्याच जागी सापडणं हा योगायोग नसतो. इतका स्पष्ट पुरावा कापडावरच असताना कायदा बहुतेक वेळा मूळ डिझाइनरच्या मागे उभा राहत नाही, आणि त्याचं कारण एका आकड्यात आहे.

भारतात चित्र काढल्याक्षणीच त्यावर कॉपीराइट येतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि तो चित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षं टिकतो. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये डिझाइनला वेगळा न्याय आहे. जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते लावलेली वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा जास्त वेळा तयार झाली, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. यात नक्कल करणाऱ्याने काढलेले नग मोजले जात नाहीत. मालकाने स्वतः किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने काढलेल्या नगांनीच हक्क जातो. छापील साडीच्या धंद्यात हा आकडा पहिल्याच ऑर्डरमध्ये ओलांडला जातो.

याचा परिणाम दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन निकालांत समोरासमोर दिसतो. २००८ मध्ये तरुण ताहिलियानी यांच्या कंपनीच्या बाजूने निकाल लागला, कारण त्यांचे कपडे मोजक्याच संख्येने बनत होते आणि पन्नासची मर्यादा ओलांडली गेली नव्हती. २०१६ मध्ये ऋतू कुमार हा ब्रँड चालवणाऱ्या रितिका कंपनीने बिबा या कपड्यांच्या ब्रँडविरुद्ध दावा केला, तेव्हा न्यायालयाने कलम १५ वर बोट ठेवलं: डिझाइन नोंदवलेलं नाही, नग पन्नासच्या वर गेले, म्हणून कॉपीराइट उरलेला नाही. न्यायाधीशांनी कायदा जसा आहे तसा लावला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार कायद्याबद्दल आहे. मोजक्या श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी केलेल्या महागड्या पोशाखावरची नक्षी कित्येक दशकं सुरक्षित, आणि हजारो बायका रोज नेसतील अशा साडीवरची नक्षी पहिल्या खेपेनंतर उघड्यावर! मेहनत दोन्हीकडे तीच असते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅसच्या प्रकरणात कलाकृती कुठे संपते आणि डिझाइन कुठे सुरू होतं याची कसोटी घालून दिली. ती उपयोगी आहेच. पण कलमातला आकडा होता तसाच राहिला.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: मग नोंदणी करा. २००० च्या डिझाइन कायद्याखाली १० वर्षांचं आणि मुदत वाढवून १५ वर्षांचं संरक्षण मिळतं. पण अर्ज डिझाइन जगासमोर येण्यापूर्वी करावा लागतो, आणि तोही वस्तूच्या वर्गानुसार. तीच नक्षी थानावर, कुर्त्यावर आणि चादरीवर वापरायची तर तीन वेगळे अर्ज. छोटा स्टुडिओ एका हंगामात डझनावारी डिझाइनं काढतो, आणि त्यातलं कुठलं चालेल हे माल दुकानात गेल्यावरच कळतं. कळतं तेव्हा नोंदणीची वेळ टळलेली असते. नोंदणी केलीच, तरी नुकसानभरपाईचा दावा न लावता कायद्यात ठरवून दिलेली रक्कम मागितली तर एका डिझाइनमागे ती ५०,००० रुपयांच्या वर जात नाही. मोठ्या नक्कलदाराला ती सहज परवडते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोयरी, मोर, आसावली ही सगळ्यांची मिरास आहे. त्यावर कुणी एकाने हक्क सांगितला तर परंपरेतून शिकणाऱ्यांनी जायचं कुठे? हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच संरक्षण आकृतिबंधाला नको, त्याच्या विशिष्ट मांडणीला हवं. मोर काढायला कुणालाही मुभा असावी. माझ्या जाळीतला, माझ्या अंतराने बसवलेला मोर स्कॅन करून छापायला नसावी. तिसरा आक्षेप अमेरिकेतल्या राउस्टियाला आणि स्प्रिगमन या कायद्याच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडला: नकलेमुळे फॅशन लवकर शिळी होते, नव्याची मागणी वाढते आणि धंदा चालतो. धंदा चालत असेल, पण कुणाचा? साडी दुकानात लागते त्याच दिवशी तिचा फोटो फोनवरून कारखान्यात पोचतो आणि तीच नक्षी हलक्या कापडावर निम्म्या भावात येते. तेव्हा मूळ डिझाइनरला नव्याची मागणी येईपर्यंत तग धरायलाही वेळ मिळत नाही.

यावर मधला मार्ग आहे आणि तो वापरातही आहे. युरोपीय संघाने २००२ च्या नियमावलीत नोंदणी न केलेल्या डिझाइनलाही पहिल्यांदा लोकांसमोर आल्यापासून ३ वर्षं संरक्षण दिलं, तेही फक्त नकलेविरुद्ध. दुसऱ्याला स्वतंत्रपणे तसंच काही सुचलं, तर त्याला अडवता येत नाही. आपल्याकडे पन्नासची अट काढून अशी आपोआप मिळणारी तीन वर्षं दिली, तर नक्षीला तिचे दोन-तीन हंगाम मिळतील आणि नंतर ती सगळ्यांसाठी खुली होईल. एक गोष्ट मात्र त्याच दुरुस्तीत यायला हवी. नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. तेव्हा नवं संरक्षणही कंपनीलाच मिळेल आणि कागदावर वेल ओढणारा पगारावरच राहील. त्या तीन वर्षांत होणाऱ्या वसुलीतला ठरलेला वाटा त्याला मिळावा आणि डिझाइनसोबत त्याचं नाव असावं.