बोट पाचची, मग बंदरावर किती वाजता?

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचं तिकीट हातात पडलं की घरात पहिला वाद वेळेवरून होतो. रत्नागिरीच्या आमच्या घरातही तेच झालं. अम्मीचं म्हणणं, फजर पढून सरळ बंदरावर जाऊन बसावं म्हणजे जीव शांत. भाच्याचं म्हणणं, बोट संध्याकाळी पाचला सुटते, चारला पोहोचलो तरी पुष्कळ झालं. दोघंही आपापल्या अनुभवावरून बोलत होते. अम्मी जुन्या बोटींच्या आणि भाचा रेल्वेच्या. क्रूझच्या बंदराला यातला एकही हिशोब लागू पडत नाही.

अम्मीच्या पिढीची भीती उगाच नाही. मुंबई ते जेद्दा हजची बोट 1995 पर्यंत चालू होती. त्या काळी गावाकडचे हाजी बोटीच्या कितीतरी दिवस आधी मुंबईत येऊन राहायचे. क्रॉफर्ड मार्केटसमोरचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना अशाच लोकांसाठी उभा राहिला. कागदपत्रं, तपासणी, सामानाच्या पेट्या, निरोप द्यायला आलेलं अर्धं गाव, हे सगळं उरकायला दिवस लागत. बोट चुकली तर पुढच्या बोटीत जागा मिळेल याची खात्री नसे. त्यामुळे ‘लवकर जा आणि बसून राहा’ हे आमच्या घराघरांत मुरलेलं आहे.

आता क्रूझच्या बंदरावर सकाळी काय चालतं ते बघा. आमचे अब्बा मालवाहू जहाजांवर तीस वर्षं काढून आलेले. त्यांनी भाच्याला समजावलं ते असं: ज्या बोटीत आपण दुपारी चढणार, ती बहुतेक वेळा त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या प्रवाशांना घेऊन धक्क्याला लागलेली असते. हजाराच्या वर माणसं आधी उतरायची, त्यांचं सामान उतरायचं. मग खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, धान्य, भाजी, पाणी, इंधन भरायचं. हे सगळं पाच-सहा तासांत. तेव्हा सकाळी आठला तुम्ही टर्मिनलच्या दारात उभे राहिलात तर उतरणाऱ्यांच्या गर्दीत तुम्ही फक्त अडचण. आत घेणार नाहीत, आणि बाहेर सामानावर बसून राहायचं ते उन्हात. म्हातारं माणूस बरोबर असेल तर दिवस तिथेच संपला.

भाच्याची चूक वेगळी. तिकिटावर पाच वाजता लिहिलेलं असतं ती बोट सुटण्याची वेळ. आपल्या कामाच्या वेळा त्याआधीच्या: चेक-इन कधी सुरू होतं, आपल्याला त्यातला कोणता तास दिलाय, आणि काउंटर कधी बंद होतं. काउंटर बोट सुटण्याच्या तास-दीड तास, कधी दोन तास आधी बंद होतं, कारण प्रवाशांची पक्की यादी अधिकाऱ्यांच्या हाती गेल्याशिवाय बोट हलत नाही. म्हणजे पाचच्या बोटीला चार वाजता पोहोचलेला माणूस बोट डोळ्यांनी बघतो, एवढंच. ‘मग गोव्याला जाऊन चढू’ हेही गृहीत धरू नका. कंपनीची परवानगी लागते, ती मिळेलच असं नाही. लक्षद्वीपच्या बाबतीत तर बेटावर उतरायला परवानाच लागतो, तिथे ऐन वेळचा जुगाड चालत नाही.

तेव्हा आमच्या घरात ठरलं ते असं. मुंबईत आदल्या दिवशी, बंदरावर मात्र दिलेल्या तासाला. त्या तासाच्याही सुरुवातीला नाही, अर्धा तास उलटल्यावर, कारण तास सुरू होताना रांग सर्वांत लांब असते.

आदल्या दिवशीबद्दल मी हट्टी आहे. रात्रीच्या गाडीने पहाटे सीएसएमटीला उतरून त्याच दिवशी बोट पकडता येते, कागदावर. पण गाडी तीन तास उशिरा आली तर? महामार्गाबद्दल तर कोकणी माणसाला काही सांगायला नको. एका रात्रीच्या खोलीचं भाडं जास्त वाटतं खरं. चौघांच्या क्रूझच्या तिकिटाशेजारी ठेवून बघा. मुंबईत नातेवाईक असतील तर तोही खर्च नाही, फक्त मुंब्र्याहून किंवा मीरा रोडहून निघणार असाल तर रविवारचा मेगाब्लॉक आधी तपासा. पनवेल, तळोजा भागातून गाडीने येणाऱ्यांना आता अटल सेतूवरून शिवडी आणि तिथून ईस्टर्न फ्रीवेने पी. डि’मेलो रोडला उतरता येतं. फ्रीवेवर वेळ वाचतो, तो खाली उतरल्यावर ट्रकांच्या रांगेत थोडा परत द्यावा लागतो.

आणि टॅक्सीवाल्याला नुसतं ‘बोट पकडायचीय’ असं सांगू नका. आपल्या लोकांच्या तोंडी बोट म्हणजे भाऊचा धक्का, आणि तो आहे माझगावला. मांडव्याची रो-रो त्या बाजूने सुटते. क्रूझ लागते बॅलार्ड पिअरला, सीएसएमटीपासून दोनेक किलोमीटरवर. तिकिटावर गेटचं नाव असतं, तेच वाचून दाखवा. या धक्क्याला बोटीची वेळ सांभाळायची सवय जुनी आहे. विलायतेची टपालबोट इथे लागायची आणि तिच्यासाठी धक्क्यालगत बॅलार्ड पिअर मोल नावाचं रेल्वे स्टेशन होतं. 1928 मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीच्या प्रवाशांना घेऊन इथूनच पेशावरकडे निघायची. आता ते स्टेशन नाही. आजूबाजूच्या बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारती मात्र बघण्यासारख्या आहेत, वेळ हाताशी असेल तर तो इथल्या सावलीत घालवावा.

शुक्रवारची बोट असेल तर प्रश्न वाढतो. दुपारचा एक ते दीड, हीच चेक-इनची भर गर्दीची वेळ. रत्नागिरीहून आलेल्या आमच्यासारख्या मुसाफिरावर जुम्मा वाजिब नाही, तो जोहर पढून मोकळा होऊ शकतो. पण ज्याचं घरच मुंबईत आहे तो शहर सोडेपर्यंत मुसाफिर होत नाही, त्याने जुम्म्यानंतरचा तास मागून घ्यावा. बुकिंग करतानाच मागावा, कारण नंतरचे तास लवकर भरतात. शेख मेमन स्ट्रीटच्या जामा मशिदीतून नमाजनंतर बॅलार्ड पिअर फार लांब नाही, पण त्या गल्लीतून शुक्रवारी बाहेर पडायला लागणारा वेळ धरा. पुरुष मशिदीत आणि बायका-मुलं सामानासह टर्मिनलवर, अशी वाटणी करू नये. एका बुकिंगची माणसं काउंटरवर एकत्र असलेली बरी.

चढल्यावरही लगेच खोली मिळत नाही, बऱ्याचदा दुपार उलटते. मोठ्या बॅगा पट्टी लावून खालीच घेतात, त्या संध्याकाळपर्यंत दाराशी येतात. तोवर जे लागेल ते हातातल्या पिशवीत असावं: अब्बांच्या साखरेच्या गोळ्या, सगळ्यांची ओळखपत्रं, बाळाचे कपडे, जानमाज.

बोट सुटण्याआधी सुरक्षिततेची कवायत होते, तिला कंटाळून खोलीत बसू नका. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली आणि 32 जण दगावले. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी चोवीस तासांची मुभा होती. 2015 पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. उशिरा चढणाऱ्याची धावपळ इथेच होते: सामान, खोली, कवायत, सगळं एकदम. त्यात हिवाळ्यात आम्हा शाफईंची अस्र चारच्या आसपास होते. आम्ही दोनला आत होतो, त्यामुळे अम्मीने जेवण करून, कवायतीत लाइफजॅकेट कसं बांधायचं ते दोनदा विचारून घेतलं, अस्र शांतपणे पढली आणि बोट हलली तेव्हा ती डेकवर खुर्ची टाकून बसलेली होती.